अब्रू, पत आणि लेखणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी डिचोली महालातल्या मुलांना मराठी लिहावयास शिकविले. शुद्धलेखन हा त्या शिकवणीचा लहानसा भाग होता. आपण लिहिलेल्या वाक्याला आपण उत्तरदायी असतो, हा तिचा गाभा होता. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी केवळ साहित्याचा विषय घेतला नाही. लिहिणाऱ्या सामान्य माणसावर एखाद्या बलाढ्य कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तर नेमके काय घडते, याचा विचार आपण करणार आहोत. विषय कायद्याचा दिसतो. पण त्याचे मूळ शब्दांत आहे, आणि शब्दांचा अभ्यास करण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे तेथूनच प्रारंभ करतो.

‘अब्रू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी, चेहऱ्याचे तेज, तीच अब्रू. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला की अब्रू जाते, अब्रू राखली जाते, अब्रू वेशीवर टांगली जाते. या सर्व प्रयोगांत एक गोष्ट गृहीत आहे : अब्रूला चेहरा लागतो. लाज वाटणारे, रात्री झोप न येणारे, गावात तोंड दाखविता न येणारे कोणी तरी लागते. दुसरा शब्द ‘पत’. ही बाजारातली. पत वाढते, पत घसरते, पतीवर कर्ज मिळते. सावकाराला पत असते, पेढीला पत असते. माणसाजवळ अब्रू आणि पत दोन्ही असू शकतात. कंपनीजवळ मात्र पतच असते. हा भेद आपली भाषा पूर्वीपासून ओळखते. कायदा तो पुरता ओळखत नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ४९९ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात कंपनीचीही बदनामी होऊ शकते, असे म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी ३५६ व्या कलमात तेच तत्त्व कायम आहे. आज मला एवढेच प्रतिपादन करावयाचे आहे की, पतीच्या रक्षणासाठी अब्रूची तलवार वापरू दिली, तर गावाची वाचा बंद होते.

आता आपल्या गोव्यातील उदाहरण पाहू. खाणींच्या प्रश्नावर काम करणारे सेबास्त्यांव रॉड्रिग्ज हे कार्यकर्ते इंटरनेटवरील आपल्या पानावर खाणींविषयी सातत्याने लिहीत. त्यांच्या लेखनामुळे आपली बदनामी झाली, असे म्हणून खाण उद्योगातील फोमेंतो समूहाने २००८ साली त्यांच्यावर दावा लावला. मागितलेली भरपाई होती ५०० कोटी रुपये, आणि दावा दाखल झाला तो पणजीत नव्हे, म्हापशात नव्हे, तर कोलकाता उच्च न्यायालयात.

या दोन तपशिलांकडे आपण नीट पाहिले पाहिजे, कारण अशा दाव्यांचे सारे बळ त्यांतच असते. पहिला तपशील रकमेचा. ज्या माणसाची सारी मालमत्ता विकूनही त्या रकमेचा हजारावा हिस्सा उभा राहणार नाही, त्याच्याकडून ५०० कोटी वसूल होतील, अशी अपेक्षा कोणताही व्यवहारी माणूस करीत नाही. तो आकडा वसुलीसाठी नसतो, वाचण्यासाठी असतो. प्रतिवादी तो वाचतो, त्याच्या घरची माणसे वाचतात. आणि मुख्य म्हणजे उद्या लिहिण्याच्या विचारात असलेले इतर दहाजण वाचतात.

दुसरा तपशील स्थळाचा. आपल्या दिवाणी कायद्याचे सर्वसाधारण तत्त्व असे की, बदनामीचा दावा प्रतिवादी राहतो तेथे किंवा हानी झाली तेथे लावता येतो, आणि ही निवड वादीने करावयाची असते. छापील वृत्तपत्राच्या काळात हानीचे क्षेत्र म्हणजे अंक जेथवर जाई तेवढे. डिचोलीत छापलेले पत्रक कोलकात्यात कोण वाचणार? इंटरनेटवरचा मजकूर मात्र एकाच क्षणी सर्वत्र उघडतो. म्हणून हानी सर्वत्र झाली असे म्हणता येते, आणि देशातले सोयीचे कोणतेही न्यायालय निवडता येते. गोव्यापासून कोलकाता सुमारे दोन हजार किलोमीटर. प्रत्येक तारखेला तेथे वकील हवा, प्रतिज्ञापत्रे हवीत, साक्षीदार न्यावयाचे तर त्यांचे भाडे हवे. समूहाच्या हिशेबात हा खर्च कायदा विभागाच्या वार्षिक तरतुदीत बसतो. एकट्या माणसाच्या हिशेबात तो बसतच नाही. निकाल कोणाच्याही बाजूने लागो. शिक्षा पहिल्या तारखेपासूनच सुरू झालेली असते.

पेडण्याच्या मंडळींना येथे एका जुन्या खटल्याची आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईत ‘सत्यप्रकाश’ चालविणारे करसनदास मुळजी यांनी १८६० साली वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या अनाचारावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर पन्नास हजार रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टात करसनदासांच्या बाजूने ज्यांनी निर्भयपणे साक्ष दिली, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. आपल्या पेडणे महालाशी ज्यांचे मूळ नाते, ते हे भाऊ दाजी. वैद्य या नात्याने त्यांना जे ठाऊक होते, ते त्यांनी शपथेवर सांगितले. २२ एप्रिल १८६२ रोजी निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्यातला एक आकडा मात्र सहसा सांगत नाही. या खटल्यात करसनदासांचे सुमारे चौदा हजार रुपये खर्च झाले आणि न्यायालयाने त्यांना साडेअकरा हजार देवविले. म्हणजे सत्य सिद्ध करून, खटला जिंकूनही संपादकाच्या पदरी अडीच हजारांची तूट आली, आणि ती त्या काळच्या अडीच हजारांची. मुंबईतील सुधारकांचे पाठबळ नसते, भाऊ दाजींसारखा साक्षीदार नसता, तर काय झाले असते, याची कल्पना आपणच करावी.

परंतु याच परंपरेतील दुसरा खटला सांगितल्याशिवाय मी पुढे गेलो, तर ते एकांगी होईल. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी गंभीर आरोप केले. आधार होता काही पत्रांचा. ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर या दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या तुरुंगवासावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. हेतू शुद्ध होता, देशप्रेम निःसंशय होते. पण कागद खोटा होता. बर्वे हे हाडामांसाचे गृहस्थ होते, त्यांना चेहरा होता, आणि त्यांची अब्रू राखणे न्यायालयाचे कर्तव्य होते. अब्रुनुकसानीचा कायदाच नको, असे म्हणणाऱ्यांनी हा खटला विसरू नये. कंपनीच्या बाबतीतही खोट्या बातमीने बँका हात आखडता घेतात, मागणी थांबते आणि शेवटी ट्रकवाला, बार्जवरचा खलाशी, खाणीवरचा मजूर घरी बसतो. पतीची हानी ही काल्पनिक गोष्ट नाही. प्रश्न आहे तो तिच्या रक्षणाचे साधन कोणते असावे आणि त्याची मर्यादा कोणती असावी, हा.

मुंबई उच्च न्यायालयातील एक प्रकरण या मर्यादेवर चांगला प्रकाश टाकते. जून २०१५ मध्ये ‘मनीलाइफ’ या प्रकाशनाच्या इंटरनेट आवृत्तीत एक लेख आला. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संगणकीय व्यवहारात काही दलालांना इतरांच्या आधी माहिती मिळते, असा त्याचा आशय होता. लेखकांजवळ एका निनावी जाणकाराचे पत्र होते. पण तेवढ्यावर न विसंबता त्यांनी प्रसिद्धीपूर्वी शेअर बाजाराकडे प्रश्न पाठविले होते. त्यांना उत्तर मिळाले नाही. लेख आल्यावर मात्र १०० कोटींचा दावा आला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ९ सप्टेंबर २०१५ रोजी मनाई हुकूम देण्यास नकार दिला आणि शेअर बाजारावर पन्नास लाखांचा खर्च बसविला. त्यातले दीड-दीड लाख सुचेता दलाल आणि देबाशीष बसू या दोघांना, व उरलेले सत्तेचाळीस लाख दोन रुग्णालयांना. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता थेट न्यायालय गाठणाऱ्या बलाढ्य संस्थेला ही चपराक होती. त्याआधी, जानेवारी २०११ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने टाटा सन्स आणि ग्रीनपीस यांच्या वादात असाच विचार मांडला होता. ओडिशातील धामरा बंदर आणि तेथील समुद्रकासवे यांवरून ग्रीनपीसने इंटरनेटवर एक विडंबनात्मक खेळ टाकला होता. टाटांनी दहा कोटींची भरपाई आणि मनाई मागितली. न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी अंतरिम मनाई नाकारली. माध्यम छापील आहे की इंटरनेटवरील, यावरून मनाईची कसोटी बदलत नाही, हे त्या निकालाचे सार.

हे निकाल दिलासा देणारे खरे. पण ते मुंबई-दिल्लीच्या, वकील उभा करू शकणाऱ्या प्रतिवादींचे आहेत. पुष्कळदा प्रकरण न्यायालयापर्यंत जातच नाही. मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या विद्वन्मान्य साप्ताहिकाने २०१७ साली अदानी समूहाच्या वकिलांची नोटीस आल्यावर प्रसिद्ध झालेला लेख आपल्या इंटरनेट आवृत्तीतून काढून घेतला, आणि त्या घटनाक्रमात संपादक परंजय गुहा ठाकुरता यांनी पद सोडले. लेखातील मजकूर खरा की खोटा, हे तेव्हा कोणत्याही न्यायाधीशाने ठरविले नव्हते. नोटिशीच्या कागदानेच काम झाले. जे दशकानुदशके चाललेल्या नियतकालिकाचे, तेथे शिरगाव-मये येथील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने काय करावे?

म्हणून काही देशांनी या दाव्यांना वेगळे नाव दिले आहे. अमेरिकेतील डेन्व्हर विद्यापीठातील जॉर्ज प्रिंग आणि पेनेलोपी कॅनन या दोन प्राध्यापकांनी १९८० च्या दशकात अशा खटल्यांचा अभ्यास केला आणि त्यांना ‘स्लॅप’ ही संज्ञा दिली. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ थप्पड. मराठीत आपण त्यांना ‘तोंडबंदीचे दावे’ म्हणावयास हरकत नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९९२ साली त्यांविरुद्ध कायदा केला. सार्वजनिक प्रश्नावरील बोलण्याबद्दल दावा आला, तर आपला दावा टिकण्यासारखा आहे, हे वादीने आरंभीच दाखवावे. न दाखविल्यास दावा निकालात निघावा आणि प्रतिवादीच्या वकिलाची फी वादीने भरावी, अशी त्याची योजना आहे. ऑस्ट्रेलियाच्या राज्यांनी २००५ च्या सुमारास समान कायदा करताना दहा किंवा अधिक नोकर असलेल्या नफेखोर कंपनीचा बदनामीच्या दाव्याचा अधिकारच काढून घेतला. इंग्लंडने २०१३ च्या कायद्यात, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेने गंभीर आर्थिक हानी दाखविली तरच बदनामी मानावी, असे ठरविले. अब्रू निराळी आणि पत निराळी, हा आपल्या बोलीतला भेद या दोन देशांनी कायद्यात आणला, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

इंग्लंडला हा धडा महागात मिळाला होता. मॅकडोनाल्ड्स या कंपनीने १९९० साली हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस या दोन अल्प उत्पन्नाच्या कार्यकर्त्यांवर एका पत्रकाबद्दल दावा लावला. वकील करण्यास पैसे नसल्यामुळे दोघांनी स्वतःच बाजू मांडली. १९९७ साली निकाल लागला. काही मुद्द्यांवर कंपनी जिंकली, काहींवर या दोघांचे म्हणणे खरे ठरले, आणि इंग्लंडच्या न्यायेतिहासातील तो सर्वांत दीर्घ खटला ठरला. दरम्यान ज्या पत्रकाच्या काही हजार प्रती वाटल्या गेल्या असत्या, ते १९९६ पासून इंटरनेटवर जगभर वाचले जाऊ लागले. २००५ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निर्णय दिला की, त्यांना कायदेशीर मदत नाकारल्यामुळे न्याय्य सुनावणीचा आणि अभिव्यक्तीचा असे त्यांचे दोन्ही हक्क हिरावले गेले. माल्टाच्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालिझिया १६ ऑक्टोबर २०१७ रोजी बॉम्बस्फोटात मारल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून अधिक बदनामीचे दावे प्रलंबित होते. त्या हत्येने हादरलेल्या युरोपीय संघाने एप्रिल २०२४ मध्ये तोंडबंदीच्या सीमापार दाव्यांविरुद्ध निर्देश संमत केला.

आपल्या देशात असा स्वतंत्र कायदा नाही. बदनामी हा फौजदारी गुन्हा असणे घटनेशी सुसंगत आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. मात्र मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पूर्ण सुनावणीपूर्वी लेख काढून टाकण्याचे हुकूम सहजासहजी देऊ नयेत, असे खालच्या न्यायालयांना बजावले आणि तोंडबंदीच्या दाव्यांचा धोका स्पष्ट शब्दांत नोंदविला. दार किलकिले झाले आहे. ते उघडण्याचे काम विधिमंडळांचे आहे.

हा प्रश्न डिचोलीला इतका जवळचा का, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. उघडी खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात झरे फुटतात. खनिज काढावयाचे तर ते पाणी उपसावे लागते. आणि उपसा चालू राहिला की भोवतालच्या विहिरींची पातळी खाली जाते. पावसात टाकाऊ मातीचे ढिगारे वाहून शेतात येतात. हे सर्वप्रथम दिसते ते विहिरीवर गेलेल्या बाईला आणि बांधावर उभ्या असलेल्या कुळाला. सरकारी अहवाल त्यानंतर येतात, कधी फार उशिरा. न्यायमूर्ती शहा आयोगाचा गोव्याच्या खाणींवरील अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यातील खाणकाम थांबविले. आणि २१ एप्रिल २०१४ च्या निर्णयात असे ठरविले की, गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती व त्यानंतरचे खाणकाम बेकायदेशीर होते.

या तारखेकडे लक्ष द्यावे. ज्या २००८ साली खाणींवर लिहिल्याबद्दल एका माणसाकडे ५०० कोटी मागितले गेले, त्या साली गोव्यातील कोणत्याही पट्ट्याची मुदत कायद्याच्या दृष्टीने उरलेली नव्हती. हा निर्णय सगळ्या राज्याला लागू होता, एका समूहाला उद्देशून नव्हता; आणि त्याने त्या लेखनातले प्रत्येक विधान खरे ठरते, असेही नाही. पण खाणींविषयी मोकळेपणी, कडक शब्दांत, प्रसंगी चुकतमाकत बोलण्याची त्या वेळी किती निकड होती, हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. ते बोलणे भीतीने थांबले असते, तर नुकसान केवळ बोलणाऱ्याचे झाले नसते.

खाणपट्ट्यांचे लिलाव होऊन डिचोलीत खाणकामाचे नवे पर्व सुरू झाले आहे. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला आणि भोवतालच्या जमिनींचे मोल पालटले. मोठे भांडवल आले की मोठे प्रश्न येतात आणि ते विचारणारे लहान असतात. या लहान माणसांसाठी शासनाने दोन गोष्टी कराव्यात, असे मला वाटते. सार्वजनिक प्रश्नावरील लेखनाबद्दल कंपनीने दावा लावल्यास तो लेखक राहतो तेथील न्यायालयातच चालावा. आणि झालेली आर्थिक हानी आरंभीच दाखविता आली नाही, तर दावा खर्चासह फेटाळला जावा. यांत कंपनीच्या न्याय्य हक्काला बाधा येत नाही. तिच्याजवळ खुलासा छापण्याचे, पत्रकार परिषद घेण्याचे, आपली कागदपत्रे लोकांपुढे ठेवण्याचे सामर्थ्य आहेच. ज्याला हजार तोंडे आहेत, त्याने एका तोंडावर हात ठेवू नये.

दुसरी जबाबदारी आपली, विशेषतः शाळांची. १८८२ च्या खटल्याचा धडा असा की कागद तपासल्याशिवाय लिहू नये. २०१५ च्या खटल्याचा असा की ज्याच्याविषयी लिहावयाचे त्याला आधी विचारावे आणि विचारल्याचा पुरावा ठेवावा. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत सत्याबरोबर लोकहितही दाखवावे लागते. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे लिहा. विहीर आटली हे लिहिताना तारीख लिहा, पाण्याची खोली लिहा. ‘सगळे चोर आहेत’ हे वाक्य सोपे असते आणि न्यायालयात निरुपयोगी असते. ‘अमुक दिवशी अमुक सर्व्हे क्रमांकात अमुक घडले’ हे वाक्य रूक्ष असते, पण ते खोडणे अवघड असते. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. ग्रामसभेचे इतिवृत्त हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यांचा आधार घ्या. आणि आपल्यातल्या कोणा लिहिणाऱ्याच्या दारात दूरच्या शहरातून लिफाफा आला, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. भाऊ दाजी बसले होते तसे. माजी विद्यार्थ्यांत वकील आहेत, बँकेतले आहेत, परदेशी गेलेले आहेत. शाळेच्या संघटनेने संमेलनाबरोबर एवढे केले, तरी गुरुजींच्या शिकवणीचे चीज होईल.

कंपनीच्या पतीचे मोजमाप बाजार रोज करतो. गावाच्या विहिरीची, शेताची, वाटेची विचारपूस मात्र तेथे राहणाऱ्यांनीच करावी लागते, आणि ती करावयाची तर लिहावे लागते. निर्भयपणे लिहावे, पण आधाराने लिहावे, एवढीच विनंती.